ग्यानबाचा जबाब

डोंगरकडा,
चैत्र वद्य षष्ठी

प्रिय मंजुषा,

उ ऱ्हस्व लिहिला आहे, पाहिलास का? तू आठवीत माझ्या वर्गात आलीस तेव्हा दाखल्यावरही तो असाच ऱ्हस्व होता, आणि मी हजेरीपटावर लाल शाईने तो दीर्घ करून टाकला. मञ्जूषा म्हणजे पेटी, शब्द संस्कृत, ऊ दीर्घ, विषय संपला. तुझे वडील तेव्हा एसटीत कंडक्टर होते. खाकी कपड्यांतच शाळेत आले आणि दारातून म्हणाले, "सर, नाव तिच्या आजीनं ठेवलं. तिला लिवता येत नव्हतं, पण ठेवता येत व्हतं. तुमी काहून लांबवून राहिले?" मी हसलो आणि पुढची तीन वर्षं लांबवतच राहिलो. माणसाला न विचारता त्याचा शब्द दुरुस्त करायची माझी खोड इतकी जुनी आहे, हे आधी कबूल करतो. पुढे लागेल ते.

फोन करता आला असता हे मलाही कळतं. पण फोनवर तू मधेच "हो सर, कळलं सर" म्हणतेस, आणि मला अजून कळलेलं नसतं. शिवाय काही गोष्टींना तोंडापेक्षा हात बरा.

आधी बातमी. काल दिवस मावळायच्या सुमारास मी वरच्या माळावर गेलो होतो. पाझर तलावाच्या बांधामागे, तरवडाच्या झुडपांत, तू मागे दाखवलं होतंस त्याच बिळाच्या तोंडाशी खोकडाची तीन पिल्लं एकमेकांची शेपटी ओढत होती. आई जरा अंतरावर बसून माझ्याकडे बघत होती, शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबाकडे बाई बघतात तशी. ही मंडळी कोल्ह्याहून लहान आणि रंगाने मातकट, शेपटीचा शेंडा मात्र शाईत बुडवल्यासारखा काळा. पन्नाशी ओलांडलेला मी, चोवीस वर्षं या गावात राहिलो आणि ही खूण तू सांगेपर्यंत मला माहीत नव्हती. मी अर्धा तास बसलो. कुसळं पायजम्यात शिरून टोचत होती, पण उठवेना. गेल्या पौषात त्या माळावर एक तरी खोकड उरतं की नाही अशी गत होती. तुझ्यामुळे तीन जास्तीची आहेत. याबद्दलचे आभार पहिल्या हप्त्यातच घे, कारण पुढचे आभार वेगळ्या कारणाचे आहेत आणि ते मांडायला मला वेळ लागणार आहे.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी क्रमाने सांगू दे. संस्कृत शिकवणाऱ्याला अन्वय लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू पशुवैद्य होऊन, नागपूरच्या संस्थेतून रानातल्या जनावरांच्या रोगांवर संशोधन करायला गावात परत आलीस. आम्हाला वाटलं, आता पिंजरे येणार, वाघाला बेशुद्ध करायची बंदूक येणार. तू आलीस ती वही घेऊन, आणि घरोघर जाऊन कुत्री मोजायला लागलीस. कुत्रं किती वर्षांचं, कोणाबरोबर फिरतं, माळावर जातं का, मागच्या वर्षी किती पिल्लं जगली. गावाने तुला "कुत्र्याची डाक्टरीण" हे नाव दिलं. मेंढरं राखणाऱ्या ग्यानबाची शालूबाई तर तुझ्या तोंडावर म्हणाली, "इतकं शिकलीस माय, आन येऊन आमची कुत्री मोजून राहिली! बापाला तरी सांगितलं का?" तू हसून तिच्या कुत्र्याचं नाव विचारलंस. "जमादार," ती म्हणाली. "का?" "काम कायबी करत न्हाई, पण समदे भेतेत." तू ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलंस. मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, हिला अजून टिपणं काढता येत नाहीत. नववीतही तुझं असंच होतं. विसर्ग विसरायचीस, पण कोण काय बोललं ते शब्दाला शब्द सांगायचीस.

मग मार्गशीर्ष आला. एका सकाळी प्रार्थना चालू असताना एक खोकड शाळेच्या मैदानात शिरलं. भर उजेडात, माणसांना न भिता. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत होतं, जबडा काही नसताना चघळल्यासारखा हलत होता, आणि ते एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं. दुपारी कुंपणाशी मेलं. पुढच्या तीन आठवड्यांत माळावर आणखी सात मेली. तू हातमोजे घालून एकेकाचे नमुने घेत होतीस, बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला पाठवत होतीस. पण गावाला प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नसते. गावाने ठरवलं की हा विषप्रयोग आहे, आणि गावाने हेही ठरवलं की तो ग्यानबाचा आहे. कार्तिकात लांडग्याने त्याच्या दोन मेंढ्या नेल्या होत्या, तेव्हा तो हॉटेलासमोर उभा राहून "एकेकाला बघतो" म्हणाला होता. आणि दोघा जणांनी त्याला माळावर भाकरीचे तुकडे फेकताना पाहिलं होतं. झालं.

वनरक्षक धर्मसिंग चौकशीला आला. माणूस भला, पण लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. "सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं. माझं साहेबाला लागतच नाही. तुम्हीच उतरून घ्या." मला तेवढंच पुरलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं, कागद घेतला, समास सोडला. ग्यानबा खाली पायरीवर बसला आणि त्याने सुरुवात केली ती थेट कुत्र्यापासून. "त्याचं असं झालं सर, जमादार चार दिसापासून जेवना..." धर्मसिंग दचकला. त्याला वाटलं, पोलीस ठाण्यातल्या जमादाराचंच काही झालं. हशा पिकला. मी हात वर करून तो थांबवला. "ग्यानबा, कुत्र्याचं पुराण राहू द्या. मुद्द्यावर या." माझा वर्गातला आवाज तुला माहीत आहे. ग्यानबा मुद्द्यावर आला. मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं, आणि पाऊण तासाचा जबाब मी अर्ध्या पानात बसवला. वाचून दाखवला. तो मान हलवत राहिला, "व्हय, व्हय, बराबर," आणि त्याने अंगठा दिला. भाकरीत विष कालवून ती माळावर टाकल्याचं त्या अर्ध्या पानात होतं. धर्मसिंग म्हणाला, "सर, एकदम कोर्टासारखं झालं." मी ते प्रशंसा म्हणून घेतलं.

पुढचे दोन महिने ग्यानबा दर सोमवारी कळमनुरीला वनखात्याच्या कचेरीत हजेरीला जात होता. वन्यप्राणी मारल्याचा गुन्हा, सिद्ध झाला तर तुरुंगाची शिक्षा. माळ त्याच्या मेंढरांना बंद झाला. शंभर मेंढरं वाड्यात उभी राहून कडबा चघळायची आणि माळाकडे तोंड करून ओरडायची. हॉटेलात त्याच्या बाकावर कोणी बसेना. पण खरं सांगायचं तर माझी झोप गेली ती शालूबाईमुळे. ती रोज शाळेवरून जाताना फाटकाशी थांबायची आणि एकच विचारायची. "सर, आमच्या माणसानं असं काहून केलं असंल?" त्याने केलं का, असं नव्हे. का केलं असेल, असं. मी एकदा विचारलं, "त्यांना विचारलं का?" तर म्हणाली, "ते न्हाई म्हणतेत. पण कागदावर हाय ना, सर. तुमच्या हातचं हाय. तीस वर्सं मी त्यांचं आयकलं, कागद कवा आयकला नव्हता." नवऱ्याचा शब्द आणि माझं अक्षर, यांत तिने माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला होता.

माघात तुझा अहवाल आला. त्या दिवशी तू माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यावर, माझ्याच खडूने सबंध गावाला शिकवलंस, आणि मी मागच्या बाकावर बसलो. आठही खोकडांच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि विष एकाही पोटात नव्हतं. गावातली कुत्री माळावर जातात, खोकडांच्या बिळांशी हुंगतात, एकाच डबक्याचं पाणी पितात, आणि रोग तिकडे देऊन येतात. दिवाळीनंतर गावात बारा कुत्री दगावली होती. ती कोणी मोजली नव्हती. तू मोजली होतीस. तुझी ती वही मी पहिल्यांदा नीट पाहिली आणि मनातल्या मनात तुला नववीचे सगळे विसर्ग माफ केले. पुढच्याच आठवड्यात तू चार गावांची कुत्री टोचून काढलीस. जमादाराला शालूबाईने काखेत धरलं होतं, आणि सुई बघून तोंड फिरवलं ते मात्र तिनेच.

सगळ्यांना वाटलं, ग्यानबा सुटला. मलाही वाटलं. पण साहेबांनी अहवाल वाचला, जबाब वाचला आणि म्हणाले, "खोकडं रोगाने मेली, मान्य. पण विष टाकलं हे हा स्वतः कबूल करतो आहे. सापडलं नाही म्हणून टाकलंच नाही असं होत नाही." तर्क म्हणून पाहिलं तर निर्दोष. जबाबात अशी कबुली आहे हे तोवर तुला ठाऊक नव्हतं; तू नागपूरला परतली होतीस, तुला हे फोनवर कळलं. तू धर्मसिंगला विचारलंस, जबाब कोणी लिहिला? त्याने अभिमानाने सांगितलं.

आणि त्या शनिवारी दुपारी माझ्या फोनवर तुझ्याकडून एक ध्वनिफीत आली. सोबत एक अक्षर नाही. नमस्कारसुद्धा नाही.

मी वारंगा फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो. ट्रकांच्या आवाजात कानाला लावून ऐकली. जबाबाच्या दिवशी सकाळीच तू कुत्र्यांच्या पाहणीसाठी ग्यानबाकडे गेली होतीस, तेव्हा फोनवर टिपून घेतलेलं ते बोलणं. तो तुला सांगत होता, "जमादाराला लई ताप व्हता. डोळे चिकटले. फाट्यावरच्या दुकानातून औषद आणलं. हातानं देलं तर थुकून टाकतो, म्हून भाकरीत औषद घातलं आन माळावर मेंढरामागं असताना टाकलं त्याच्यापुढं. तवा खाल्लं. वाचला बगा." चाळीस सेकंद.

औषद. व्हरांड्यातही तो हेच म्हणाला होता. मला शब्द न् शब्द आठवला. मी विचारलं, "भाकरीत काही घातलं होतं?" तो म्हणाला, "औषद घातलं व्हतं." आता तू इथलीच आहेस. हळदीवर फवारायचं ते औषध, तणावर मारायचं ते औषध, उंदराला घालायचं तेही औषध. पेरणीपासून काढणीपर्यंत आमच्याकडे औषध म्हणजे जे मारतं ते. मी मनाशी म्हटलं, साहेब बाहेरगावचे आहेत, त्यांचा गोंधळ नको, आणि औषदाच्या जागी सुवाच्य अक्षरात ‘विष’ लिहिलं. ज्या एका वाक्यावरून कळलं असतं ते कुत्र्याचं वाक्य तर मी आधीच पुराण म्हणून कापलं होतं. सबंध पंचक्रोशीत, औषध हा शब्द जिच्यावरून आला ती ओषधी म्हणजे काय, ती कशी उगवते, फळ पिकल्यावर कशी वाळते, हे शिकवून पोट भरणारा एकच माणूस आहे. त्याने औषधाचं विष केलं. आणि ग्यानबाला वाचून दाखवलं ते असं: "विषमिश्रित खाद्यपदार्थ माळरानावर निक्षेपित केले." निक्षेपित! मंजुषा, तुझ्या वहीत हे असतं तर मीच खोडलं असतं.

गाडी आली आणि गेली. मी बसलो नाही.

रविवार मी वाया घालवला. सोमवारी ग्यानबा हजेरीला गेला, तो जाताना मी खिडकीतून पाहिला. मंगळवारी त्याच्या घरी गेलो आणि ध्वनिफीत त्या दोघांना ऐकवली. मग जबाबाची माझ्याकडची प्रत काढून, एकेक शब्द मराठीत सांगितला. म्हणजे मराठीतून मराठीत. शालूबाई ऐकत होती. माझ्यावर ती ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती नवऱ्याकडे वळली. "मंग मुंडी काहून हालवली तुमी? इख म्हणले ते, इख! आन तुमी व्हय व्हय!" ग्यानबा खाली बघत म्हणाला, "मला काय ठावं. मला वाटलं सरकारात औषदाला तसंच म्हणत असतेन. सर म्हणून राहिले, म्हणल्यावर बराबरच असंल." मग माझ्याकडे बघून, अगदी काळजीने, "पण सर, तुमी इतकं शिकले, तुमाला औषद कळंना व्हय?" मी म्हणालो, नाही कळलं. तेवढ्यात शालूबाईने पदराने तोंड दाबलं आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. दोन महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा धड बोलली होती, असं मला नंतर कळलं.

बुधवारी मी ग्यानबाला घेऊन कळमनुरीला गेलो. साहेबांपुढे लिहून दिलं की जबाबातला ‘विष’ हा शब्द ग्यानबाचा नाही, माझा आहे. तो मी त्याला न विचारता घातला, आणि खुलासा करणारी वाक्यं मी गाळली. साहेबांनी विचारलं, "तुम्ही शिक्षक ना?" मी हो म्हणालो. तेवढीच शिक्षा झाली, आणि ती पुरेशी होती. फाट्यावरच्या दुकानदारानेही औषध दिल्याचं सांगितलं. मग नवा जबाब घ्यायचा ठरला, आणि ग्यानबा म्हणाला, "सरच लिवतेन." मी कागद पुढे ओढला. यावेळी तो जमादारापासूनच सुरू झाला, आणि मी जमादारापासून लिहिलं. चार पानं झाली. त्यात शालूबाईचा बाप येऊन गेला, वाड्याचा गळका पत्रा येऊन गेला. तिथला लिपिक कागद चाळून म्हणाला, "सर, इथं ‘औषद’ झालंय, ध राहिला. दुरुस्त करू का?" मी म्हणालो, हात लावाल तर खबरदार.

गुन्हा मागे घेतला गेला. मेंढरं माळावर गेली. दोन महिने झाले त्याला, आणि हे सगळं मी लोकांना सांगत आलो आहे. काय सांगतो? चूक माझी होती, पण मी आपल्या पायांनी गेलो आणि दुरुस्त केली. हेडमास्तरांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, कोणी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. तुला मात्र मी फोनवर फक्त "काम झालं" म्हणालो होतो, आणि तू फक्त "बरं झालं सर" म्हणाली होतीस.

काल संध्याकाळी माळावरून उतरताना धर्मसिंग भेटला. पिल्लांचं सांगितलं, तो खूश झाला, आणि बोलता बोलता म्हणाला, "मॅडमनी त्या टायमाला गुरुवारची वेळ घेतली होती साहेबांची. ते रेकॉर्डिंग घेऊन येणार होत्या. बुधवारी तुम्ही येऊन गेले ते मी त्यांना कळवलं, तर म्हणाल्या, मग माझं काही काम नाही. तिकीट रद्द केलं त्यांनी." तो आपल्या वाटेने गेला. मी तिथेच बांधावर पुन्हा बसलो. शनिवारी मला ध्वनिफीत, गुरुवारी साहेबांची वेळ. मधले चार दिवस तू माझ्यासाठी मोकळे ठेवलेस, आणि ग्यानबाला आणखी एक सोमवार सोसावा लागू नये म्हणून पाचवा ठेवला नाहीस. मी गेलो नसतो तर तू माझं नाव घेऊन सांगितलं असतंस, आणि बरोबरच केलं असतंस. पण मी जाईन असं तू आधी धरून चाललीस. पुरावा काय होता तुझ्याकडे? माझ्या रविवारचा हिशेब मला माहीत आहे; मलाच खात्री नव्हती. हे पत्र त्या चार दिवसांसाठी आहे, मंजुषा. मी आपल्या पायांनी गेलो, हे वाक्य खरं आहे. ते खरं व्हायला तू जागा ठेवलीस, एवढं त्यात आजपासून मी जोडून सांगणार आहे.

तुझाच, आणि तुझा ऋणी,
विश्वंभर सर